ई-४३: रंकाळ्याच्या टोपोशीटवरचा जगाचा पत्ता

कोल्हापूरच्या रंकाळ्याची टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा तपशीलवार नकाशा) मागवायची तर जुना नंबर ४७एल/२ आणि नवीन, सर्वांसाठी खुल्या 'ओपन सिरीज'मधला ई४३यू२. शेवटचा २ दोन्हीकडे तोच. एका अंशाच्या चौकोनाचे सोळा भाग पाडले की त्यातला हा दुसरा. त्याच्या आधीचं सगळं बदललं, आणि त्यातलं 'ई४३' आपल्या सर्व्हे ऑफ इंडियानं शोधलेलं नाही. कधीच पूर्ण न झालेल्या एका जागतिक नकाशाची ती खूण आहे.

आल्ब्रेख्त पेंक या भूगोलतज्ज्ञानं १८९१ साली बर्नच्या परिषदेत कल्पना मांडली: सगळ्या जगाचा नकाशा एकाच प्रमाणात, १:१०,००,०००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. हिशेब सोपा, पण देशांचं जुळेना. फ्रेंच रेखांश पॅरिसपासून मोजायचे, इंग्रज उंची फुटांत लिहायचे. शेवटी रेखांश ग्रिनिचचा आणि माप मीटरचं, यावर तोडगा निघाला. नियम पक्के व्हायला १९०९ ची लंडन आणि १९१३ ची पॅरिस अशा दोन परिषदा लागल्या, आणि वर्षाच्या आत महायुद्ध पेटलं. पुढे अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीनं लॅटिन अमेरिकेच्या १०७ शीट १९४५ पर्यंत एकहाती पूर्ण केल्या. साउदॅम्प्टनचं मध्यवर्ती कार्यालय १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेलं. तोवर वैमानिकांसाठी याच प्रमाणाचे नकाशे निघू लागले होते, त्यामुळे या मालिकेची गरजच आटत गेली. १९८० च्या दशकात काम थांबलं.

चौकट मात्र टिकली, कारण तिचा नंबर यादी न बघता काढता येतो. एक शीट ४ अंश अक्षांश आणि ६ अंश रेखांशाची. कोल्हापूर १६°४२′ उत्तर, ७४°१४′ पूर्व. आधी दशांश करून घ्या: १६.७० आणि ७४.२३. अक्षांशाला ४ ने भागलं की ४.१७, म्हणजे विषुववृत्तापासून चार पट्टे संपून आपण पाचव्यात, अक्षर ई. रेखांशात १८० मिळवून ६ ने भागलं की ४२.३७, म्हणजे ४३ वा पट्टा. उत्तर गोलार्धाचा एन पुढे लावला की पत्ता एनई-४३; टोपोशीटच्या नंबरात तो एन गाळून नुसतं ई४३. मिनिटांचे दशांश न करता १६.४२ आणि ७४.१४ असंच घातलं तर ठिपका मुरगूडच्या आसपास पडतो. ही चूक नेहमीची आहे, आणि शीटचा नंबर तरीही बरोबरच येत असल्यानं लवकर ध्यानात येत नाही.

जीपीएसवर दिसणाऱ्या यूटीएम या मीटरच्या जाळीचा झोन ४३ हाच पट्टा. पण तिथे कोल्हापूरला '४३क्यू' म्हणतात त्यातलं 'क्यू' हे अक्षर आठ-आठ अंशांच्या वेगळ्या पट्ट्यांचं आहे, त्याचा 'ई'शी संबंध जोडू नका.

खरी गफलत पुढच्या अक्षरात. जुन्या ४७ नंबरच्या चार बाय चार अंशांच्या शीटमध्ये ए ते पी हे सोळा चौकोन वरून खाली मोजायचे. नवीन चार बाय सहामध्ये चोवीस चौकोन, ए ते एक्स, डावीकडून उजवीकडे. म्हणून आपला 'एल' झाला 'यू'. जुनं अक्षर तसंच ठेवून ई४३एल२ मागवली, तर हातात रंकाळ्याऐवजी उदगीरच्या उत्तरेचा मुलूख येईल!

शहर एका शीटवर मावतही नाही. ७४°१५′ ची रेघ गावाच्या पूर्व अंगानं जाते, म्हणून रंकाळा २ वर आणि शिवाजी विद्यापीठ ६ वर. १६ अंशांची रेघ तर जिल्हाच कापते: चंदगड गाव तिच्या दक्षिणेला, म्हणजे एनडी-४३ वर, टोपोशीट डी४३सी१.

अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजायचे ते ठरवणारा पाया म्हणजे डेटम. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर, मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. फरक शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे १:५०,००० वर दोनेक मिलिमीटर. ओढा चुकायला तेवढं पुरतं. दशलक्षी शीटवर तोच फरक केसाएवढा, तिथे डेटमची चिंता नको.

तिथे चिंता कागदाची. एनई-४३ ची चौकट उंचीला साधारण ४४.३ सेंमी, तळाला ६४.२ आणि माथ्याला ६२.८ भरायला हवी. वर निमुळती होते ती छपाईची चूक नाही, रेखांश उत्तरेकडे जवळ येतात म्हणून. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट झालेला कागद एका टक्क्यानं जरी ताणला, तर उंचीतच साडेचार किलोमीटरची खोट येते. म्हणून शीटचा स्कॅन संगणकावर अक्षांश-रेखांशांना बसवताना कागदाच्या कडा धरू नयेत. अंशा-अंशाच्या रेघा जिथे छेदतात ते पस्तीसच्या पस्तीस बिंदू घ्यावेत.

शेजारच्या शीट जोडायच्या असतील तर आणखी एक गंमत. १९६२ च्या बॉन परिषदेआधीच्या पॉलिकोनिक प्रक्षेपणात (गोल पृथ्वी कागदावर उतरवण्याच्या जुन्या पद्धतीत) एनई-४३ ला खालून एनडी-४३ नीट लागते, उजवीकडून एनई-४४ ही लागते. चौथी एनडी-४४ कोपऱ्यात बसवायला गेलं की बारीक फट राहतेच. ती फट गोल पृथ्वी सपाट केल्याची आहे, कागद ओढून बुजवू नये.