अंधाऱ्या वसरीत माशी दिसते का?

जुलैच्या रात्री वीज गेली की जुन्या गोमंतकीय घरात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. कौलांवर पाऊस बडवत असतो, त्यामुळे आवाजाचाही भरवसा नसतो. घराच्या रक्षणासाठी लायसन्सचे रिव्हॉल्वर ठेवणाऱ्याने नेम धरायच्या साइटचा विचार या रात्रीपासून सुरू करावा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढची साइट, दुपारी रेंजवर पांढऱ्या कागदासमोर ठसठशीत दिसते. तीच रात्री पॉलिश केलेल्या सागवानी दरवाजासमोर धरली की काळ्यावर काळे होऊन जाते.

परदेशी व्हिडिओ बघून लोक आधी रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, कुठे मिळेल ते विचारतात. आपल्याकडे ९ एमएमचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप). सामान्य लायसन्सधारकाच्या हाती बहुतेक वेळा .३२ बोअरचे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल असते, बरेचदा कानपूरच्या कारखान्यातले. त्याच्या साइट ठरलेल्या, न हलणाऱ्या. टॉर्च अडकवायला रेल म्हणजे पट्टी नाही, रेड डॉटसाठी स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) खाच नाही. म्हणून आपली अपग्रेडची यादी वेगळी आहे आणि सुदैवाने स्वस्तही.

आधी टेप घ्या आणि घर मोजा. झोपायच्या खोलीच्या दारापासून मुख्य दरवाजापर्यंत, वसरीच्या (ओसरीच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. राजांगण (मधला चौक) असलेले मोठे घर सोडले तर सर्वांत लांब रेषा बहुधा ६ ते ९ मीटर भरते. साइट याच अंतरासाठी निवडायची आणि तपासायची. २५ मीटरवरच्या बारीक नेमासाठी केलेली पातळ माशी इथे उपयोगाची नाही. इथे हवी जाड, रंगीत, एका नजरेत सापडणारी माशी. मागची खाच, जिच्यातून माशी पाहायची ती, काळीच ठेवा. मागेही दोन ठिपके रंगवले की घाईत डोळा तीन ठिपके जुळवत बसतो आणि पुढची साइट निसटते.

रंगकाम घरी करता येते. रिव्हॉल्वर रिकामे करा, चक्रातली काडतुसांची सगळी घरे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग माशीची डोळ्यांकडची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. तेलाचा अंश राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो, आणि रंग टिकत नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पहिला थर पांढरा, कारण फ्लुओरोसंट रंग पारदर्शक असतात आणि काळ्या धातूवर मळकट दिसतात. तो पुरता वाळल्यावर नारिंगी किंवा पोपटी रंगाचे दोन पातळ थर द्या, शेवटी पारदर्शक थर. साधी नेलपॉलिशसुद्धा चालते. काडीपेटीच्या काडीचे टोक ब्रशपेक्षा बरे, थेंब नेमका बसतो. पावसाळ्यात प्रत्येक थराला एक अख्खा दिवस द्या. वरची कड मात्र रंगवू नका. रंगाची जाडी तिथे चढली की माशीची उंची बदलते आणि गोळी खाली लागते. साफसफाईच्या वेळी बोअर सॉल्व्हंट (नळी साफ करायचे द्रावण) माशीवर सांडू देऊ नका, हा रंग त्यात विरघळतो.

नारिंगी की पोपटी? मंद उजेडात डोळा लाल छटांपेक्षा हिरव्या-पिवळ्या छटांना जास्त संवेदनशील असतो, म्हणून घरासाठी पोपटी बरा. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरची माशी अस्पष्ट होऊ लागते. तिथे रंगाच्या छटेपेक्षा ठिपक्याचा आकार महत्त्वाचा, तेव्हा माशीची पूर्ण रुंदी भरून रंगवा. खाचेतून पाहताना माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची स्पष्ट फट दिसली पाहिजे. फट दिसतच नसेल तर मागची खाच थोडी रुंद करून घ्यावी. हे काम गनस्मिथचे.

हा रंग अंधारात चमकत नाही, उजेड लागतोच. अंधारात चमकणारा रंग उजेडात भारावा लागतो आणि काही वेळात मंदावतो. कपाटात ठेवलेल्या शस्त्रावर रात्री दोन वाजता तो जवळपास विझलेला असतो. फायबर ऑप्टिकचेही तसेच, आजूबाजूला उजेड नसेल तर ती नुसती प्लास्टिकची काडी. ट्रिटियम या वायूने भरलेली साइट मात्र स्वतः चमकते. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षांचा, म्हणजे तेवढ्या काळात चमक निम्म्यावर येते. पण ते किरणोत्सारी आहे, परदेशातून परस्पर मागवण्याच्या फंदात पडू नये. शिवाय .३२ रिव्हॉल्वरच्या नळीसोबतच घडवलेल्या माशीवर ते बसवणार कुठे?

म्हणून पैसे घालायचे ते हातातल्या टॉर्चमध्ये. ३०० ते ५०० लुमेन, बटण शेपटाकडे, दाबले की लागणारा आणि सोडले की विझणारा. चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतींच्या घरात १,००० लुमेनचा झोत उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. शस्त्रावर बसवलेल्या टॉर्चपेक्षा हातातला टॉर्च मला घरासाठी केव्हाही योग्य वाटतो, कारण काहीही बघायचे म्हणजे त्याच्यावर नळी रोखायची, हे घरात परवडत नाही. समोर मुलगा असेल, पाणी प्यायला उठलेली आजी असेल, वीज गेली म्हणून मेणबत्ती शोधणारा शेजारी असेल. आधी उजेड, मग ओळख, बोट चापाबाहेर. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत आणि त्या हक्काला मर्यादा आहेत. त्या आधीच वाचून ठेवा.

आता नेम. साइटला दोष देण्याआधी रेंजवर ७ मीटरवर, मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा चाप हिसकला जातोय, साइट ठीक आहे. दुसऱ्या जाणकाराकडूनही मारून घ्या. त्याचेही गट तिथेच पडले तरच साइटला हात लावायचा.

हिशेब सोपा आहे. चूक गुणिले दोन साइटमधले अंतर, भागिले टार्गेटचे अंतर. समजा दोन साइटमध्ये १२० मिमी अंतर आहे आणि ७ मीटरवर गोळ्या ६० मिमी खाली लागतात. ६० गुणिले १२० भागिले ७,००० म्हणजे साधारण १ मिमी. माशी तेवढी कमी करायची. गोळी खाली लागत असेल तर माशी उंच आहे, वर लागत असेल तर बुटकी. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून एका वेळी ०.२ मिमीच घासावे. एवढ्याने ७ मीटरवर गट सुमारे १२ मिमी वर सरकतो. घासायच्या आधी काडतुसांचा ब्रँड ठरवा, कारण गोळीचे वजन आणि वेग बदलले की उंची बदलते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा धंदा करायलाही लायसन्स लागते, तेव्हा लेथवाल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे शस्त्र देऊ नका. आणि चाचणी रेंजवरच. कुळागरात (सुपारी-माडांच्या बागेत) कोणी नसते म्हणून माडाच्या बुंध्यावर गोळी झाडून पाहणे हे गुन्ह्याला आणि अपघाताला आमंत्रण आहे.

मुठीचे मात्र ऐकाच. चापावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग आरामात पोचला पाहिजे. मूठ बारीक असली की प्रत्येक गोळीगणिक रिव्हॉल्वर हातात फिरते आणि जाड असली की बोट चाप तिरका ओढते. दमट हवेत गुळगुळीत लाकूड घामाने सटकते. बारीक जाळी कोरलेली लाकडी मूठ किंवा रबरी मूठ बरी, रबर मात्र तेलाने फुगते. चाप हलका करण्यासाठी घोड्याची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या भागाची) स्प्रिंग कापणे किंवा नरम घालणे, हे अपग्रेड कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. घोड्याचा ठोका कमजोर पडतो, काडतुसाच्या टोपीवर खूण उमटते आणि गोळी सुटत नाही. टोपी कडक असेल तर हे हमखास घडते. चाप जड वाटत असेल तर डमी काडतुसे घालून रोज दहा मिनिटे सराव करा. महिन्याभरात बोट तयार होते.

लेझर जुन्या मुठींवर सहसा बसत नाही. रेड डॉटसाठी .३२ पिस्तुलाची स्लाइड कापावी लागते आणि पावसाळ्यात काच धुकटते. दोन्ही सोडून द्या.

उरला गंज. समुद्रकाठच्या गावात चतुर्थीपर्यंत दर आठवड्याला पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. माशीच्या मुळाशी आणि मागच्या खाचेच्या कोपऱ्यात गंज आधी धरतो, तिथे जुना टूथब्रश वापरा. चामडी होल्स्टरमध्ये शस्त्र ठेवून देऊ नये, चामडे ओल धरते. कुलपाच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, दर महिन्याला बदला, काडतुसे वेगळ्या कुलपात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. देताना माशीचा आणि मागच्या खाचेचा जवळून फोटो काढून ठेवा, नळीला तेल देऊन कोरड्या सुती कापडात गुंडाळून द्या, पावती जपा. परत आल्यावर आधी फोटोशी पडताळा, रंग उडाला असेल तर पुन्हा लावा आणि रेंजवर पाच गोळ्यांचा एक गट मारूनच ते कपाटात ठेवा.