उणे ३१८.५

कार्बन डायऑक्साइड सोडण्याच्या कोट्यातल्या देशांच्या वाट्यांची बेरीज ४०० अब्ज टन यायला हवी होती. त्या दिवशी ती कितीतरी पुढे जात होती आणि चूक कुठे, ते दुपारपर्यंत सापडेना.

तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची ६७ टक्के शक्यता हवी, तर २०२०च्या सुरुवातीपासून जगाला ४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडता येतो, हा आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, सहाव्या अहवालातला आकडा. १८५० ते २०१९मध्ये सुमारे २,३९० अब्ज टन सोडून झाला आहे. उरलेला वाटायचा, एवढंच काम.

अडलं की मी दोनच देशांचं काल्पनिक जग त्याच सूत्रांतून काढून बघतो. 'क'मध्ये जगातली १० टक्के माणसं, पण आजवरच्या उत्सर्जनात वाटा २५ टक्के. बाकी सगळं 'ख'चं. माणशी समान वाटप २०२०पासून धरलं, तर 'क'ला ४०, 'ख'ला ३६०. १८५०पासून धरलं, तर वाटायचे एकूण २,७९०. त्यात 'क'चा हक्क २७९, वापर ५९७.५, म्हणजे शिल्लक उणे ३१८.५. 'ख'ची शिल्लक ७१८.५. बेरीज बरोबर ४००.

आमचा तक्ता मात्र बेरीज ७१८.५ दाखवत होता. सहकाऱ्याने 'शून्याखाली जायचं नाही' असं सूत्र बसवलं होतं. उणे कोटा छापायला विचित्र दिसतो म्हणे! वर उपाय सुचवला: सगळ्यांना सारख्या प्रमाणात कात्री लावू, बेरीज जुळेल. जुळतेच. 'क' शून्य, 'ख' ४००. 'क'चं ३१८.५चं देणं 'ख'च्या वाट्यातून परस्पर फिटलं आणि तक्त्यात त्याची खूणही उरली नाही. हेतू वाईट नव्हता, म्हणून तर जास्त खटकलं.

उणे कोटा म्हणजे तेवढा वायू हवेतून परत काढायचा, नाहीतर इतरांच्या कपातीचा खर्च उचलायचा. उचलण्याची तऱ्हा माहीतच आहे: श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी दिलेलं २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरचं २००९चं वचन ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने २०२२मध्ये पहिल्यांदा पुरं झालं आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा.

१८५०मध्ये कुणाला काय ठाऊक होतं, हा आक्षेप मला मान्य आहे. मग आयपीसीसीचा पहिला अहवाल आला ते १९९० धरा. पण कुठलं वर्ष धरलं, ते तक्त्याच्या माथ्यावर लिहा.

मी सूत्र काढलं, उणे आकडे लाल केले, आरंभवर्षाचा रकाना जोडला. संध्याकाळी वरून उत्तर आलं: 'लाल आकडे तळटीपेत घ्या.'