जानापावचा उतार आणि किंचाळणारा ब्रेक

सायकलवर आज ३,२४० किमी झाले. मागच्या नोंदीत म्हटलं होतं तसे तारेने ओढले जाणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक काढून तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक बसवले. पण आधी एक कबुली देऊन टाकतो.

दोन महिने मागचा ब्रेक असा किंचाळायचा की मी इंदूरच्या लोकमान्यनगरच्या गल्लीत वळलो की आई वर चहाचं आधण ठेवायची. मी आधी रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या तबकडीला नावं ठेवली, मग केबलला. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीने रोटरला घासणारा पॅड काढला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "भिया, ये तो तेल पी गया." चेनवर स्प्रे मीच मारत होतो, उजव्या बाजूने, ऐसपैस. तुषार स्पोक्समधून पलीकडच्या रोटरवर जात होते. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की साफ होतो, पण पॅडमध्ये मुरलेलं तेल सहसा निघत नाही. तरी पॉलिश पेपरवर घासून, जुन्या तव्यावर भाजून पाहिलं. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा किंकाळी. तव्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता चेनला थेंबाथेंबाने तेल.

मग नवे पॅड टाकून भागलं नसतं का? आवाजापुरतं भागलं असतं. माझ्या जुन्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीत, एकच पॅड हलायचा. तो रोटरला वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबायचा. पॅड झिजले की दोन्ही बाजू हाताने जुळवत बसायचं. महूच्या पुढे जानापावच्या टेकडीवरून उतरताना बोटं इतकी आखडायची की खाली आल्यावर पोह्यांचा चमचा धड धरता येत नव्हता.

शिमानोचा एमटी २०० हा हायड्रॉलिक ब्रेक घेतला. इथे दोन ठिकाणी फसता फसता वाचलो. एक, माझ्या सायकलवर गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच अंगाचे होते, म्हणजे शिफ्टरही वेगळे घेणं आलं. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. दोन, पावसाळ्यासाठी मेटल पॅड मागवणार होतो, पण रोटरवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेलं दिसलं. मेटल पॅड अशा मऊ रोटरला खाऊन टाकतात, म्हणून रेझिनच ठेवले. रोटर दोन्हीकडे १६० मिमी. सामान लादून फिरणाऱ्याने पुढे १८० लावावा, अॅडॅप्टर मात्र लागतो.

कॅलिपर जुळवायला त्याचे दोन्ही बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायचा आणि तसाच धरून बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळायचे. दोनदा जमलं नाही. तिसऱ्या वेळी पांढरा कागद मागे धरून रोटर आणि पॅडमधली फट डोळ्याने बघितली, तेव्हा जमलं. मग सकाळी सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि चाक लॉक न होऊ देता हळू करायचं, असं वीसेक वेळा. पहिल्या पाचात ब्रेक जवळजवळ लागतच नाही. घाबरू नका, पॅडचा थर रोटरवर बसतोय.

पुढच्याच रविवारी पंक्चर काढायला सायकल उलटी केली. सरळ केल्यावर मागचा लिव्हर थेट हँडलला टेकला! सायकल उलटी असताना लिव्हरच्या तेलटाकीतली हवा नळीतून कॅलिपरकडे चढली होती. लिव्हर पंपत, पुढच्या ब्रेकवर घरी आलो, रात्रभर लिव्हर दोरीने आवळून ठेवला. सकाळी निम्मा सुधारला. उरलेल्यासाठी फनेल लावून ब्लीड केलं, म्हणजे तेलातली हवा काढली. बुडबुडे निघताना बघणं हा एक छंदच होऊ शकतो. या ब्रेकला तेल मिनरलच हवं. गाड्यांच्या ब्रेकचं डॉट तेल घातलं तर आतले सील फुगतात, आणि मिस्त्रीकडे बाटल्या सगळ्या शेजारी शेजारी असतात, तेव्हा लेबल स्वतः वाचा.

चाक काढून सायकल गाडीत टाकताना पॅडमध्ये रोटरच्या जागी प्लास्टिकचा तुकडा घालायला मी अजून विसरतो. परवा भाच्याने गंमत म्हणून लिव्हर दाबला आणि पॅड एकमेकांना चिकटले. पट्टीने हळूच फाकवले. पुढची नोंद पावसाळ्यानंतर, पॅड किती उरले ते मोजून.