गालिच्याची दशा

शंभरी गाठलेला गालिचा अँटिक, आणि त्याहून धाकटा पण बऱ्यापैकी जुना असेल तर विंटेज. म्हणजे 1955 साली विणलेला गालिचा विंटेज म्हणून भाव खाणार आणि त्याच साली जन्मलेला माणूस ज्येष्ठ नागरिक म्हणून खुर्ची धरून बसणार! ही गोष्ट मनाला लागली असूनही मी अशा गालिच्याच्या शोधात पडलो, कारण ती खुर्चीच. निमुळत्या पायांची, त्याच काळातली लाकडी खुर्ची घरात आली आणि तिच्याखालची फरशी एकाएकी उघडीबोडकी दिसायला लागली.

पहिला गालिचा फोटोवर भाळून घेतला. वर्णनात ‘मिड-सेंच्युरी स्टाइल’, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याच्या धर्तीचा, असं लिहिलं होतं. त्यातल्या ‘स्टाइल’कडे मी काणाडोळा केला, आणि सगळी मेख तिथेच होती. गालिचा आला, अंथरला, दोन दिवस कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी केर काढताना कोपरा उलटला, तर पाठीला जाडसर कापड चिकटवलेलं. ते जरा सुटलं होतं, आतून पिवळट भुगा सांडत होता. हाताने गाठी न मारता यंत्राच्या बंदुकीने कापडात लोकर टोचायची आणि ती निघू नये म्हणून मागून रबरी डिंक फासायचा, अशी ती टफ्टेड जात. डिंक म्हातारा झाला की त्याचं पीठ होतं. झालर तर चक्क मशीनवर शिवलेली होती.

तेव्हापासून मी गालिच्याचं तोंड बघत नाही, आधी पाठ बघतो. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ काही लपवत नाही. पुढची नक्षी तिथेही दिसते, गाठ न् गाठ मोजता येते, एखादी ओळ किंचित वाकडी गेलेली असते. आणि त्याची झालर ही झालर नसतेच, त्या दशा असतात. शेल्याला असतात तशा. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचीच ती मोकळी टोकं. दशा झिजून संपल्या आणि कडेला टाके घातलेले नसले, तर पुढचा नंबर गाठींचा. त्यामुळे जुन्या गालिच्याची दशा बघायची म्हणजे खरोखरच दशा बघायच्या.

दुसरी भीती कसरीची. गंमत म्हणजे उडताना दिसतो तो बारका, सोनेरीसा पतंग लोकर खातच नाही. खाते ती त्याची अळी. तिला अंधार आणि निवांतपणा लागतो. म्हणून गालिचा मधोमध, पायाखाली खात नाहीत, कपाटाखाली खातात. विकणारा मधला भाग दाखवतो, आपण कडा मागायच्या. हाताने लव विस्कटून मुळाशी बघायचं; उंदराने भादरल्यासारखा पट्टा दिसला तर नमस्कार करून निघायचं. घडी घालताना करकर असा कोरडा आवाज आला तरीही. तो आतल्या कुजलेल्या धाग्यांचा असतो आणि त्यावर औषध नाही.

लोकर खरी की नकली, हे मात्र नाकाला विचारावं. एक सुटा तंतू परवानगीने काढला (परवानगी मागताना विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो) आणि काडी लावली. लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि राख बोटांत चुरडते. नकली धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

स्वप्नात अर्थातच स्वीडनमधले सपाट विणीचे, रोलाकान म्हणतात ते गालिचे होते. बोस्ताद गावच्या मेर्ता मॉस-फ्येटरस्ट्रोम या विणकाम-कलावंत बाईंच्या कार्यशाळेतले. त्या 1941 साली गेल्या आणि पुढे बार्ब्रो निल्सन यांनी ती धुरा जवळजवळ तीन दशकं वाहिली. गालिच्यात ‘एबी एमएमएफ’ अशी अक्षरं विणलेली दिसली तर तो बाईंच्या पश्चात विणलेला, नुसतं ‘एमएमएफ’ असेल तर त्या हयात असतानाचा. ही माहिती मला तोंडपाठ आहे. गालिचा नाही. त्या अक्षरांमागे किमतीत जी शून्यं येतात, ती बघून मी कॅटलॉग मिटतो.

शेवटी मिळाला तो रिया, म्हणजे नॉर्डिक देशांतला गाठींचा गालिचा. लांब लवेचा, विटकरी आणि मोहरीच्या रंगाचा, बिननावाचा. 1950–60च्या दशकांत नॉर्डिक देशांत रियाची इतकी हौस होती की कापड आणि लोकर आणून लोक घरच्या घरीही गाठी मारत. माझा तशातलाच असावा. एका कोपऱ्यात मोहरी रंग संपला म्हणून कुणीतरी जवळपासचा दुसराच पिवळा वापरलाय. पुढून कळत नाही. पाठीवर लख्ख दिसतं, आणि मला तोच कोपरा सगळ्यात आवडतो.

रिया मुळात जमिनीवरचा नव्हेच. अंगावर घ्यायचं ते पांघरूण, आणि तेही लव आतल्या बाजूला घेऊन. ओलं झालं की कातड्याचं पांघरूण कडक होतं, लोकरीचं होत नाही, म्हणून समुद्रावर जाणारे ते वापरत. परवा थंडी होती, घरात कुणी जागं नव्हतं. मी तो खुर्चीखालून ओढला, झटकला आणि अंगावर घेतला. भलता जड. लव गळ्याशी टोचत होती आणि वरच्या बाजूला, बरोबर माझ्या छातीवर, तो दुसरा पिवळा आला होता.