मागे राहिलेला क्लब

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी इंग्लिश फुटबॉलमधला चेल्सी हा बडा क्लब लहानशा ब्रायटनच्या मैदानावर उतरला, तेव्हा पाहुण्यांच्या बाकासमोर उभ्या असलेल्या ग्रॅहम पॉटर यांचे स्वागत प्रेक्षकांनी हुर्योने केले. जेमतेम सात आठवड्यांपूर्वी ते याच मैदानावर यजमान संघाचे मॅनेजर होते आणि त्यांनी क्लब सोडला त्या दिवशी ब्रायटन सहा सामन्यांत १३ गुण मिळवून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत, चौथ्या स्थानावर होता. चेल्सीत आल्यापासून पॉटर यांनी एकही सामना गमावलेला नव्हता. त्या दिवशी मात्र मध्यंतरालाच ब्रायटन ३-० ने पुढे होता, आणि त्यातले दोन तर चेल्सीच्याच खेळाडूंचे स्वयंगोल होते. सामना ४-१ असा संपला. पॉटर यांच्या जागी आलेल्या रॉबेर्तो दे झेर्बी यांचा ब्रायटनसोबतचा तो पहिला विजय.

लहान क्लबचा मॅनेजर मोठ्या क्लबमध्ये गेला की आपले सगळ्यांचे लक्ष त्याच्या पाठोपाठ मोठ्या क्लबकडे जाते. तो तिथे टिकेल का, ड्रेसिंग रूममधले तारे त्याचे ऐकतील का, असे प्रश्न आपण चघळत बसतो. माझेही वर्षानुवर्षे तेच चालले होते. त्या सामन्यानंतर मात्र मला मागे राहिलेल्या क्लबकडेही पाहायची सवय लागली, आणि गेलेल्या माणसाचे पुढे काय होणार हे तिथूनच अधिक स्पष्ट दिसते असे माझे मत बनले आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण डेव्हिड मोयस यांचे आहे. तिथे माझा अंदाज पूर्ण चुकला होता, हे आधीच कबूल करतो. मोयस मार्च २००२ मध्ये एव्हर्टनला आले आणि बेताच्या पैशांत त्यांनी तो संघ अकरा वर्षे सांभाळला. २००४-०५ च्या हंगामात तर थेट चौथ्या स्थानावर नेला. मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २०१३ मध्ये निवृत्त होताना मोयस यांचेच नाव सुचवले आणि युनायटेडने त्यांच्याशी सहा वर्षांचा करार केला. मला ही निवड अगदी चोख वाटली होती. स्कॉटिश माणूस, कष्टाळू, एकाच जागी टिकणारा. आणखी काय हवे? एक गोष्ट मात्र मी नजरेआड केली. त्या अकरा वर्षांत मोयस यांच्या एव्हर्टनने युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड, लिव्हरपूलचे ॲनफिल्ड, चेल्सीचे स्टॅमफर्ड ब्रिज किंवा आर्सेनलचे मैदान यांपैकी कुठेही लीगचा एकही सामना जिंकला नव्हता. बलाढ्य संघाच्या घरी जाऊन न हरणे ही लहान क्लबची मोठी कामगिरी असते. मोठ्या क्लबला तेवढे पुरत नाही.

मग ४ डिसेंबर २०१३ उजाडला. रॉबेर्तो मार्टिनेझ यांच्या हाताखालचा एव्हर्टन ओल्ड ट्रॅफर्डवर १-० ने जिंकला. १९९२ नंतर त्या क्लबला तिथे मिळालेला हा पहिला विजय होता, आणि मोयस तो यजमानांच्या बाकावरून पाहत होते. हंगामाअखेर एव्हर्टन ७२ गुणांसह पाचवा आला आणि आदल्या वर्षी ११ गुणांच्या आघाडीने विजेता ठरलेला युनायटेड ६४ गुणांवर सातवा. मोयस यांना तो शेवट पाहायलाही मिळाला नाही. एप्रिलमध्ये एव्हर्टनच्याच मैदानावर २-० ने हरल्यानंतर दोन दिवसांत त्यांना काढून टाकण्यात आले होते.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की मोठा क्लब नेमके काय विकत घेतो असा प्रश्न पडतो. चेल्सीने पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी ब्रायटनला सुमारे २ कोटी पौंड मोजले. पण ब्रायटनचे यश ही एक बसलेली घडी होती. क्लबचे मालक टोनी ब्लूम यांचा पैसा सट्टेबाजीच्या आकडेशास्त्रातून आलेला, आणि खेळाडू हेरण्याचे कामही तिथे त्याच शिस्तीने चालते. चांगला खेळाडू एक दिवस विकला जाणार आणि चांगला मॅनेजरही एक दिवस जाणार, हे गृहीत धरूनच तिथे पुढच्या माणसाचा शोध आधीपासून सुरू असतो. गंमत म्हणजे चेल्सीलाही हे उमगले असावे, कारण पॉटर यांच्याबरोबर त्यांचे सहायक तर आलेच, पण काही आठवड्यांनी खेळाडूंच्या भरतीचे काम पाहणारा ब्रायटनचा प्रमुखही चेल्सीने आणला. घडी तशीच उचलून आणण्याचा हा प्रयत्न होता. त्या हंगामात ब्रायटन सहावा आला आणि इतिहासात पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेसाठी पात्र ठरला. चेल्सी बारावा आला.

म्हणजे माणसे नेली तरी काहीतरी मागे राहतेच. मला वाटते, त्यात पहिली गोष्ट म्हणजे मोकळी जागा. लहान क्लबविरुद्ध खेळताना प्रतिस्पर्धी पुढे सरसावतो, त्याच्या बचावफळीमागे मैदान रिकामे राहते आणि हुशार मॅनेजर नेमका तिथे घाव घालतो. तोच मॅनेजर मोठ्या क्लबमध्ये गेला, की समोरचे दहा जण स्वतःच्या गोलसमोर दाटी करून उभे राहतात. चेंडू तुमच्याकडे, वेळ तुमच्याकडे, पण जायला वाटच नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तळाला असलेला फुलहॅम ओल्ड ट्रॅफर्डवर आला तेव्हा हेच घडले. मोयस यांच्या संघाने त्या सामन्यात ८१ क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर मारलेले चेंडू, टाकले आणि फुलहॅमच्या बचावपटूंनी ते एकामागून एक डोक्याने परतवले. भरपाई वेळेत गोल खाऊन युनायटेडला २-२ बरोबरीवर समाधान मानावे लागले. एव्हर्टनमध्ये बगलेवरून येणारे क्रॉस हे मोयस यांचे हुकमी हत्यार होते आणि अडचणीत सापडल्यावर माणसाचा हात सवयीच्या हत्याराकडेच जातो. त्या दिवशी फुलहॅमच्या बाकावर रेने म्यूलेनस्टीन बसले होते, ही यातली आणखी एक बोचरी गोष्ट. ते फर्ग्युसन यांच्या काळात युनायटेडच्या मुख्य संघाला सराव देत असत आणि मोयस स्वतःचे सहायक घेऊन आले तेव्हा क्लबमधून बाहेर पडले होते.

दुसरी गोष्ट वेळ. पॉटर यांच्या पहिल्या हंगामात ब्रायटन पंधरावा आला, दुसऱ्या हंगामात सोळावा आणि तिसऱ्यात नववा. पहिली दोन वर्षे आकडे म्हणत होते की संघ खेळतो चांगला, फक्त गोल होत नाहीत. मालकाचा आकड्यांवर विश्वास होता, त्यामुळे मॅनेजरच्या खुर्चीला धक्का लागला नाही. स्वीडनमध्येही त्यांनी चौथ्या पातळीवरच्या ओस्टरसुंडला वर आणून २०१७ चा स्वीडिश चषक जिंकून दिला, तोही सात वर्षांच्या मुक्कामात. चेल्सीत त्यांना एकूण ३१ सामने मिळाले आणि २ एप्रिल २०२३ रोजी ते गेले. या माणसाचे सगळे कसब सरावाच्या मैदानावरचे. आठवडाभर एकच गोष्ट घोटून घ्यायची आणि शनिवारी ती दाखवायची, अशी त्यांची रीत. चेल्सीत मात्र चॅम्पियन्स लीग आणि त्या वर्षी हंगामाच्या मध्येच आलेला विश्वचषक यांमुळे शरद ऋतूत दर तीन-चार दिवसांनी सामना होता. जानेवारीत नव्या मालकांनी इतकी खरेदी केली की खेळाडूंची संख्या तिशीपार गेली. अकरा जण खेळणार आणि बाकीचे रुसून बसणार, अशा ठिकाणी संथपणे शिकवणाऱ्या शिक्षकाने काय करावे?

खेळाडू नव्या मॅनेजरचे ऐकतील का, हा अधिकाराचा प्रश्न मात्र लोक समजतात तितका मोठा मला वाटत नाही. इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ यांचे उदाहरण त्यासाठी नेहमी दिले जाते. १९७४ मध्ये ते तिसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबकडून थेट विजेत्या लीड्स युनायटेडकडे गेले (तो क्लब ब्रायटनच होता, हा केवळ योगायोग), तिथल्या खेळाडूंशी त्यांचे पहिल्या दिवसापासून बिनसले आणि ४४ दिवसांत ते बाहेर पडले. पण त्यांचे जोडीदार पीटर टेलर त्या वेळी ब्रायटनमध्येच थांबले होते, हे सांगायचे अनेकदा राहून जाते. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये ही जोडी पुन्हा जमल्यावर १९७८ ची लीग आणि १९७९ व १९८० चे युरोपियन चषक आले. दुसरीकडे, कधीच व्यावसायिक फुटबॉल न खेळलेले आरिगो साकी इटलीत दुसऱ्या श्रेणीतल्या पार्माकडून १९८७ मध्ये एसी मिलानला आले. खेळाडू म्हणून त्यांचे काहीच नाव नव्हते, तरीही पहिल्याच हंगामात त्यांनी लीग जिंकली आणि पुढे सलग दोन युरोपियन चषक जिंकले.

साकी यशस्वी का झाले, याचा विचार करताना मला मिलानची तेव्हाची अवस्था महत्त्वाची वाटते. त्या क्लबने १९७९ नंतर लीग जिंकलेली नव्हती आणि मधल्या काळात दोनदा त्याची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली होती. जर्मनीत युर्गेन क्लॉप २००८ मध्ये माइंत्झहून डॉर्टमुंडला गेले तेव्हा तो क्लब काही वर्षांपूर्वीच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतलेला होता आणि नुकताच तेरावा आला होता. खुद्द फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ॲबर्डीनहून आले तेव्हा युनायटेड तळापासून दुसरा होता, आणि पहिला चषक मिळायला १९९० साल उजाडावे लागले. घर पडझडीला आलेले असले की नव्या माणसाला भिंती हलवता येतात. मोयस गतविजेत्यांकडे गेले, क्लफही गतविजेत्यांकडेच गेले. पॉटर गेले तो क्लब वर्षभरापूर्वीच युरोपचा विजेता झालेला होता. शिवाय फर्ग्युसन यांच्याबरोबरच युनायटेडचे मुख्याधिकारी डेव्हिड गिल यांनीही २०१३ मध्ये पद सोडले होते, म्हणजे मोयस यांच्या हाती बसलेली घडी आलीच नाही, फक्त तिच्याकडून असलेल्या अपेक्षा आल्या.

मोयस जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा एव्हर्टनचे मॅनेजर झाले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांचा संघ ओल्ड ट्रॅफर्डवर खेळायला गेला. सुरुवातीलाच एव्हर्टनच्या एका खेळाडूने स्वतःच्याच सहकाऱ्याला थप्पड मारली आणि त्याला लाल कार्ड मिळाले. उरलेल्या दहा जणांनी आधी गोल केला, मग गोलसमोर दाटी करून तो शेवटपर्यंत राखला आणि सामना १-० ने जिंकला. पाहुण्या संघाचे मॅनेजर म्हणून मोयस यांचा त्या मैदानावरचा लीगमधला हा पहिलाच विजय होता.