स्विच दाबण्यापूर्वीचा डाव

इलेक्ट्रिक फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या विजेवर चालणाऱ्या टेबलावरच्या खेळात, एकदा स्विच दाबला की आपल्या हातात पाहत बसण्यापलीकडे काही उरत नाही, आणि म्हणूनच या खेळातील सारी बुद्धी मांडणीत खर्च व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील ट्यूडर कंपनीच्या नॉर्मन सॅस यांनी १९४९ मध्ये हा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही: पत्र्याचे मैदान थरथरते आणि खेळाडूंच्या छोट्या बाहुल्यांच्या बेसखालचे, म्हणजे तळाच्या बैठकीखालचे, तिरपे, लवचिक काटे त्या थरथरीचे पुढे सरकण्यात रूपांतर करतात.

मी सुरुवातीला खऱ्या अमेरिकन फुटबॉलमधील आकृत्या जशाच्या तशा उतरवून घेत असे आणि त्या का फसतात हे मला कळत नसे. यथावकाश लक्षात आले, की इथला लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत (लाइनवर) उभा राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणारा खेळाडू, समोरच्याला ओळखत नाही. त्याला फक्त स्वतःच्या बेसचे वळण ठाऊक असते. त्यामुळे अकराही खेळाडूंना बोर्डावर एकेकटे चालवून कोण सरळ जातो, कोण डावीकडे झुकतो आणि कोण गिरकी घेत बसतो, याची वहीत नोंद केल्याखेरीज मांडणी ठरवण्यात अर्थ नाही. डावीकडे झुकणारा खेळाडू निकामी नसतो. त्याला लाइनच्या उजव्या टोकाला उभे केले, तर तो बचावपटूला आत ढकलतो आणि बाहेरची वाट चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकसाठी मोकळी होते.

माझी आवडती मांडणी असमतोल आहे. संथ पण जोर लावणारे चार लाइनमन मी सेंटरच्या (लाइनच्या मधल्या खेळाडूच्या) एकाच बाजूला, बेसला बेस जवळजवळ भिडवून उभे करतो, कारण दोन बेसमध्ये फट राहिली की धक्का बसताच दोघेही फिरतात आणि त्या फटीतून बचावपटू आत शिरतो. रनिंग बॅक त्यांच्या थेट मागे नव्हे, तर किंचित बाहेर आणि पुरेसा मागे ठेवावा लागतो. तो सर्वांत वेगवान असल्याने जवळ ठेवला, तर भिंत पुढे सरकण्याआधीच आपल्याच माणसांच्या पाठीवर आदळतो. (वेगाचे वेड आवरायला मला फार काळ लागला.)

बचावाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर सगळ्यांना लाइनवर गर्दी करू देऊ नये. निदान दोघांना खोल आणि तिरपे उभे करावे, म्हणजे निसटलेल्या रनिंग बॅकचा मार्ग ते कुठेतरी छेदतात.

या असमतोल मांडणीची उघडी बाजू मात्र अजून मला सतावते. तिथला एकटा लाइनमन निम्म्या वेळा वळून आमच्याच क्वार्टरबॅककडे (लाइनमागून डाव चालवणाऱ्या खेळाडूकडे) येतो. त्याच्या बेसचा उजवा काटा मी या आठवड्यात पुन्हा किंचित वाकवला आहे.