कॉर्टिसॉल मोजताना दोन घड्याळं

कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं स्टिरॉइड हार्मोन, रक्तातून मोजतात. आता बहुतेक लॅबमध्ये ते मशीनवर लावतात, अँटिबॉडी वापरून. एम.एस्सी.च्या मुलांना मात्र मी अजूनही संशोधक मॅटिंग्लींची १९६२ ची फ्लुरोसन्सची, म्हणजे पदार्थाची चमक मोजायची, पद्धत आधी शिकवते.

प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या पातळ भागात, डायक्लोरोमिथेन हे द्रावक घालून नळी हलवायची. स्टिरॉइड त्यात उतरतात. हे द्रावक जड असल्यामुळे तळाशी बसतं, वरचा प्लाझ्मा ओढून टाकायचा. डायक्लोरोमिथेन ४० अंशांनाच उकळतं, त्यामुळे एप्रिलच्या कोल्हापुरी उन्हाळ्यात बाटलीचं झाकण मी क्षणभरही उघडं ठेवू देत नाही. मग सल्फ्युरिक आम्ल आणि इथेनॉलचं मिश्रण घालून पुन्हा हलवायचं. आम्लात आलेलं कॉर्टिसॉल ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि ५३० च्या आसपास हिरवा सोडतं. फ्लुरोमीटर मोजतो तो हा हिरवा.

पण प्लाझ्मातले इतर पदार्थही आम्लात चमकतात आणि त्यांची चमक वाढतच राहते. म्हणून आम्ल घातल्यापासून ठरलेल्या मिनिटालाच प्रत्येक नळी वाचायची. हे पहिलं घड्याळ. मुलं म्हणतात, "मॅडम, सगळ्या शेवटी एकदम वाचू की!" मी ऐकत नाही. उशीर केला की भलतंच काहीतरी हार्मोन म्हणून मोजलं जातं. (उंदरांवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगते: तिथं मुख्य हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन, आणि ते आम्लात जास्तच चमकतं.)

दुसरं घड्याळ शरीराचं. कॉर्टिसॉल सकाळी उठण्याच्या सुमारास चढलेलं असतं, रात्री झोपेच्या वेळी उतरलेलं. माझा भाचा तालमीत जातो. परवा त्यानं रिपोर्टचा फोटो पाठवला. "आत्ती, कॉर्टिसॉल १४ आलंय, जास्त हाय का गं?" रक्त किती वाजता काढलं, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. मला मनापासून राग आला. सकाळी आठला डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम अगदी नॉर्मल. तेच रात्री अकराला आलं तर डॉक्टरांनी पुढं तपासायला हवं. आकडा एकच, अर्थ दोन, आणि पोरगं उगाच घाबरलेलं.

रक्त काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, नळीवर नावाखाली वेळ लिहा. पेशंट किती वाजता झोपला, किती वाजता उठला, तेही विचारा. तालमीतली पोरं पहाटे चारला उठतात, आणि शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ आपल्या सकाळी होत नाही.